नवव्या रकान्यात

स्मरणिकेला नऊ नावं हवीत, सचिव म्हणाला,
पन्नास वर्षांतली, जागेनुसार.
"फटके मारणाऱ्यांचं दुसरे बघतील, बाई.
तुम्ही अडवणाऱ्यांचं सांगा."

मी पोत्यातून स्कोअरच्या वह्या काढल्या.
पुरात भिजलेल्या चार
उघडताना पापडासारख्या मोडतात.
माझ्या वहीत धावा आहेत, बाद आहेत,
चूक झाली की लाल पेन्सिलीचा गोल.
वाया गेला नाही त्या चेंडूला खूण नाही.
मग शोधायचं कसं?
लाल गोल जिला कमी ती चांगली,
की चेंडूपर्यंत ती कधी पोचलीच नाही?

कॅचर सोपी. शकिला मुजावर.
तिचा पहिला मिट व्हटकरांच्या ज्ञानूनं शिवला,
चपलांच्या उरल्यासुरल्या कातड्याचा.
चेंडू आत शिरला की करकरायचा,
नवी जोडी घालून कुणी पायरी चढावं तसा.
उजव्या हाताची तीन बोटं वाकडी झाली तिची.
आजही भाकरी थापते
तेव्हा परातीवर ठेका वेगळा पडतो.

सेकंडला वैजयंता मगदूम.
शेवटची एस.टी. गाठायची असल्यासारखी फेकायची.
दानोळीची होती. खरंच गाठायची असायची.

थर्डला दोघी इंगवले बहिणी, मध्ये दहा वर्षं.
आईला विचारलं. आई म्हणाली, धाकटी.
थोरलीला सांगू नका.

शॉर्टस्टॉपवरून मेहबूबशी भांडण झालं.
मेहबूब चुना मारतो मैदानावर, चाळीस वर्षं.
"बाई, आर्या भोपळेच्या पायात वारं हाय."
आणि रोहिणी सरनोबतच्या पायात काय होतं?
मावसबहिणीचे बूट, पुढं कापूस कोंबलेले.
हिला हिरवळ मिळाली. तिला गांधी मैदान,
सकाळी शेळ्या, दुपारी सभा,
खड्यावर आपटून चेंडू कुठं उडेल
हे मैदानालाही ठाऊक नसायचं.
"पण आर्या उलटं वळून फेकती, तुम्ही बघितलंय."
बघितलंय.
दोन्ही नावं लिहिली, मध्ये तिरकी रेघ.

सेंटरला एस्तेर सोनटक्के. ती चेंडू बघायची नाही,
बॅटचा आवाज ऐकून पाठ फिरवायची.
एकदा झेल घेत गटारीत गेली अख्खी.
हात तेवढा वर होता.

लेफ्ट, फर्स्ट, भरली कशीतरी.
पिचरला टाळ्या आधीच फार मिळाल्यात.
लिहिलं कुणाचं तरी.

राहिलं राइट फील्ड.
तिथं कोण मारतंय? जिला कुठं ठेवायचं कळत नाही
तिला तिथं ठेवायचं, अशी आमची रीत.
चौऱ्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी एकच नाव, मंदा हुदले.
एकसष्ट सामने, रकाना जवळजवळ कोरा.
मी रेघ मारणार होते.

मेहबूब म्हणाला, "थांबा.
फर्स्टच्या मागची माझी रेघ
दर दोन डावांनी पुसलेली असायची.
आधी वाटलं कुत्री."

मग आठवलं मलाही.
कुठूनही फर्स्टकडं चेंडू निघाला
की ती तिकडून सुटायची, रेघ ओलांडून,
फर्स्टच्या पाठीमागं येऊन वाकून उभी.
निसटलाच तर.
निसटायचा नाही. मान खाली घालून परत जायची,
आणि पुढच्या चेंडूला पुन्हा.
चार वर्षांत दोनदा निसटला असेल.
दोन्हीदा पुढची धाव झाली नाही.
आणि न झालेली धाव
मी कुठं लिहिणार होते?

नाव पाठवलं. रात्री सचिवाचा फोन.
"हिचा आकडाच नाही काही. पुरावा लागतो, बाई."
म्हटलं, आहे की. चुना.
त्याला वाटलं, त्यालाच लावतेय.